‘कधीमधी घेतो’ म्हणजे किती?

रायपूरच्या कुठल्याही मोठ्या सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत थोडा वेळ बसले, की हा संवाद कानावर पडतो. रक्ततपासणीत ‘हेपेटायटिस सी’ निघालेला पंचेचाळिशीचा गृहस्थ डॉक्टरांसमोर बसलेला असतो. शेजारी बायको, मागे मेहुणा. डॉक्टर विचारतात, “पीते हो?” उत्तर घरूनच ठरवून आणलेले असते: “कभी-कभार, सर. शादी-ब्याह में.” बायको खिडकीबाहेर बघू लागते. डॉक्टर कागदावर ‘ऑकेजनल’ लिहितात आणि पुढचा रुग्ण आत येतो. घरी मराठी बोलणारी इथली माणसेही डॉक्टरांशी हिंदीतच बोलतात, आणि घराबाहेरच्या भाषेत खोटे बोलणे जरा सोपे जाते असा माझा संशय आहे.

आता गंमत अशी, की या गृहस्थाला खोटे बोलायचे वरवर पाहता काही कारण नाही. हेपेटायटिस सी दारूने होत नाही. त्यावरच्या गोळ्या पिणाऱ्या माणसावरही काम करतात. त्या सरकारकडून फुकट मिळतात आणि पितो म्हणून आज त्या नाकारायच्या नसतात. मग रुग्ण लपवतो का? आणि दारूने न झालेल्या, दारू पीत असतानाही बऱ्या होणाऱ्या आजारात डॉक्टरांना दारूचा हिशेब हवा तरी कशाला?

विषाणू रक्तातून येतो, बाटलीतून नाही

हेपेटायटिस सीचा विषाणू एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जातो. एकच सिरिंज वापरून अनेकांना इंजेक्शन देणारा झोलाछाप डॉक्टर, न तपासलेले रक्त, दाढीचे तेच ते पाते, मेळ्यात एका सुईने अनेकांच्या अंगावर काढलेला गोदना, नशेसाठी वाटून घेतलेली सुई, डायलिसिसच्या यंत्रावरचा निष्काळजीपणा, अशा त्याच्या वाटा आहेत. भारतातल्या रक्तपेढ्यांमध्ये या विषाणूची तपासणी सक्तीची झाली ती २००१ मध्ये. छत्तीसगडमध्ये सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांतल्या अनेकांना वारंवार रक्त चढवावे लागते. त्यामुळे ‘रक्त कधी चढवले होते का, आणि कोणत्या साली?’ हा प्रश्न इथे दारूच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा. एका ताटात जेवल्याने किंवा एका ग्लासातून प्यायल्याने हा आजार लागत नाही.

शरीरात शिरल्यावर साधारण तीस टक्के लोकांमध्ये विषाणू सहा महिन्यांच्या आत आपोआप नाहीसा होतो. उरलेल्यांच्या यकृतात तो मुक्काम ठोकतो, आणि वर्षानुवर्षे काहीही जाणवू देत नाही. म्हणून तपासणी दोन टप्प्यांत होते. पहिली अँटीबॉडीची: विषाणू कधीतरी येऊन गेला का, एवढेच ती सांगते. दुसरी आरएनएची: विषाणू आत्ता आहे का, ते ही सांगते. गोळ्या द्यायच्या की नाही ते दुसरीवर ठरते.

पीत नसलेल्या बाईला हेपेटायटिस सी निघाला तर घरचे चक्रावतात, आणि पिणाऱ्या पुरुषाला निघाला तर ‘तरी सांगत होतो’ म्हणतात. दोन्ही ठिकाणी निदान चुकलेले असते. पण पिणाऱ्याच्या घरी त्या वाक्याने एक काम नक्की होते: त्याचे तोंड बंद होते.

लपवण्याची सवय लागली कुठून

या विषाणूची ओळख पटली १९८९ मध्ये. तो शोधण्याच्या आणि त्याच्यामुळेच आजार होतो हे सिद्ध करण्याच्या कामासाठी हार्वी ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चे नोबेल मिळाले. पण ओळख पटल्यानंतरही वीसेक वर्षे औषध म्हणजे इंटरफेरॉनची इंजेक्शने आणि जोडीला रिबाव्हिरिनच्या गोळ्या. सहा महिने ते वर्षभर चालणारा, ताप, अंगदुखी आणि नैराश्य आणणारा, लाखांत खर्च जाणारा उपचार. आणि इतके करून सरासरी निम्मेच रुग्ण बरे होत. इतके अवघड औषध पिणाऱ्याला झेपणार नाही, तो मध्येच सोडेल, असे डॉक्टरांना वाटे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९७ मध्ये भरवलेल्या तज्ज्ञ-परिषदेने तर स्पष्टच सांगितले, की जास्त पिणाऱ्याने किमान सहा महिने दारू सोडल्याखेरीज उपचार सुरू करू नयेत. जगभरच्या डॉक्टरांनी तोच कित्ता गिरवला. ‘पितो म्हणालास तर औषध मिळणार नाही’ हे रुग्णांनी तेव्हा शिकून घेतले, आणि ते खोटेही नव्हते.

मग डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुविर आले. विषाणू स्वतःच्या नकला काढण्यासाठी जे यंत्र वापरतो, नेमके तेच हे औषध बंद पाडते. दिवसाला एक गोळी, बारा आठवडे. तिथे किंमत मात्र गोळीला हजार डॉलर, पूर्ण उपचाराला ८४ हजार. सप्टेंबर २०१४ मध्ये मूळ कंपनीने भारतातल्या काही कंपन्यांना ते बनवण्याचे परवाने दिले आणि भाव कोसळला. पंजाबने २०१६ पासून ते राज्यभर मोफत द्यायला सुरुवात केली. २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि देशभरात गोळ्या फुकट झाल्या. सिरॉसिस (यकृतातल्या व्रणांची शेवटची पायरी, तिच्याविषयी पुढे) नसलेल्याला सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर, बारा आठवडे. सिरॉसिस असला तर सोफोसबुविर आणि वेल्पाटासविर. यकृत अगदीच थकलेले असेल, म्हणजे पोटात पाणी झाले असेल किंवा रक्ताच्या उलट्या झाल्या असतील, तर त्यात रिबाव्हिरिनची भर किंवा चोवीस आठवड्यांचा कोर्स.

पिणाऱ्यांचे काय? अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यांमधल्या सुमारे ६९ हजार रुग्णांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकंदर ९४ टक्के बरे झाले, आणि अजिबात न पिणारे, थोडे पिणारे आणि व्यसनाधीन यांच्या आकड्यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. म्हणून आजच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की दारूच्या कारणाने गोळ्या अडवू नका. जुना नियम कागदावरून गेला. रुग्णांच्या, आणि खरे सांगायचे तर काही डॉक्टरांच्याही मनातून तो अजून गेलेला नाही.

यकृतात दोघे भेटतात तेव्हा

दारूतले अल्कोहोल यकृतात पोचले की एक विकर त्याचे अ‍ॅसिटाल्डिहाइड बनवते. हे विषारी आहे. दुसरे विकर त्याचे निरुपद्रवी अ‍ॅसिटेट करून टाकते. या सगळ्या खटाटोपात यकृताच्या पेशीचा रासायनिक समतोल असा बिघडतो, की चरबी जाळणे मागे पडते आणि ती पेशीतच साठू लागते. रोज पिणाऱ्यात एक तिसरी वाटही उघडते. सीवायपी-२ई-१ नावाचे विकर वाढते आणि अल्कोहोल त्या मार्गानेही फोडले जाऊ लागते. ‘मला आता चढत नाही’ म्हणणाऱ्याचे यकृत बरेचदा या कामाला जुंपलेले असते. या मार्गाने पेशीला इजा करणारे ऑक्सिजनचे तिखट कण तयार होतात.

विषाणू दुसऱ्या बाजूने तेच करतो. तो पेशींत वाढतो, शरीराची संरक्षणयंत्रणा त्या पेशींवर तुटून पडते आणि सूज कायमची राहते. भारतात या विषाणूचा जो प्रकार सर्वांत जास्त आढळतो, तिसरा, तो स्वतःच यकृतात चरबी साठवतो. म्हणजे चरबी दोघांकडून, सूज दोघांकडून, तिखट कण दोघांकडून. वर अल्कोहोलमुळे संरक्षक पेशी मंदावतात ते वेगळेच. सतत इजा होत राहिली की यकृतातल्या ताराकृती पेशी जाग्या होतात आणि व्रण भरण्यासाठी कोलॅजेनचे धागे विणू लागतात. या धाग्यांच्या जाळ्याला फायब्रोसिस म्हणतात; ते शून्य ते चार अशा पायऱ्यांनी मोजतात. चौथी पायरी म्हणजे सिरॉसिस.

फ्रान्सच्या तिएरी पॉइनार यांनी सहकाऱ्यांसह १९९७ मध्ये दोन हजारांहून अधिक रुग्णांचे यकृताचे तुकडे तपासून पाहिले. फायब्रोसिसचा वेग वाढवणाऱ्या तीन गोष्टी त्यांना ठळक दिसल्या: चाळिशीनंतर झालेला संसर्ग, पुरुष असणे, आणि दिवसाला ५० ग्रॅम किंवा त्याहून अधिक अल्कोहोल. विषाणूची रक्तातली संख्या या यादीत नव्हती. तिन्हींतली एकच गोष्ट माणसाच्या हातातली आहे, आणि ओपीडीत लपवली जाते तीही तीच.

चौकट: बाटलीचा ग्रॅममध्ये हिशेब

सूत्र सोपे: किती मिलिलिटर, गुणिले बाटलीवरचा टक्का, भागिले १००, गुणिले ०.७९.

व्हिस्की किंवा रमचा पौवा, १८० मिलि, ४२.८ टक्के: सुमारे ६० ग्रॅम.
२८ टक्क्यांच्या आसपासच्या देशीचा पौवा: सुमारे ४० ग्रॅम.
स्ट्राँग बिअरची मोठी बाटली, ६५० मिलि, ८ टक्के: सुमारे ४१ ग्रॅम.
मोहाची हातभट्टी: बाटलीवर टक्का नाही, म्हणून हिशेबही नाही. भांडे किती मोठे आणि किती वेळा भरले ते सांगावे.

‘बिअर म्हणजे काय दारू थोडीच’ असे म्हणणाऱ्यांनी दुसरी आणि तिसरी ओळ शेजारी-शेजारी ठेवून बघावी.

तागडीतला पासंग

आता मूळ प्रश्नाकडे. समजा, डॉक्टर गोळ्या देणारच आहेत. तरी त्यांना आधी एक गोष्ट ठरवावी लागते: सिरॉसिस आहे की नाही? औषधाची जोडी त्यावर ठरते, कुठल्या केंद्रात पाठवायचे ते ठरते, पुढे आयुष्यभर तपासण्या लागणार की नाही तेही ठरते. पूर्वी यासाठी सुईने यकृताचा तुकडा काढत. आता बहुतेक ठिकाणी साध्या रक्ततपासण्यांवरून गणित करतात. त्यातले एक फिब-४. वय गुणिले एएसटी, भागिले प्लेटलेट, पुन्हा भागिले एएलटीचे वर्गमूळ. एएसटी आणि एएलटी ही यकृताच्या पेशींतली विकरे. पेशींना इजा झाली की ती रक्तात सांडतात. उत्तर ३.२५ च्या वर गेले, की सिरॉसिस असण्याची शक्यता धरतात.

एक काल्पनिक रुग्ण घेऊ. वय ४८, एएसटी १२०, एएलटी ६४, प्लेटलेट दीड लाख, म्हणजे गणितात १५०. ४८ गुणिले १२० म्हणजे ५७६०. ६४ चे वर्गमूळ ८. १५० गुणिले ८ म्हणजे १२००. उत्तर ४.८. सिरॉसिसच्या रकान्यात.

पण दारूची एक खोड आहे. ती एएसटीला एएलटीपेक्षा बरेच जास्त वर चढवते, कधी दुपटीच्याही पुढे. नुसत्या विषाणूच्या आजारात बहुधा उलटे असते, एएलटी पुढे असतो. आपला रुग्ण रोज पौवा घेणारा असेल, आणि काही आठवडे दारू थांबल्यावर त्याचा एएसटी ६४ वर आला, तर बाकी आकडे तेच धरूनही उत्तर २.५६ येते. रकाना बदलला. वाण्याच्या तागडीच्या एका पारड्याला चिकटलेला पासंग ज्याला ठाऊक आहे, तो वजनातून तेवढे वजा करून घेतो. ठाऊक नसलेले गिऱ्हाईक मुकाट पैसे मोजते. ‘शादी-ब्याह में’ हे उत्तर डॉक्टरला त्या गिऱ्हाइकाच्या जागी नेऊन बसवते.

फायब्रोस्कॅनचेही असेच. हे यंत्र यकृतातून एक हलकी लहर पाठवते आणि ती किती वेगाने जाते त्यावरून यकृत किती कडक झाले ते सांगते. धाग्यांच्या जाळ्याने यकृत कडक होते, तसे दारूच्या ताज्या सुजेनेही होते. पिणे थांबल्यावर काही आठवड्यांत हा आकडा बराच खाली येऊ शकतो. परवाची बाटली माहीत असलेला डॉक्टर म्हणेल, ‘पुन्हा करू या, थोडे थांबून.’ माहीत नसलेला रिपोर्टवर विश्वास ठेवेल. त्याच्याकडे न ठेवायला कारणच नाही.

कुणी म्हणेल, डॉक्टरांना रक्तावरून कळतच असेल की! अर्धवट कळते. जीजीटी नावाचे विकर दारूने वाढते, पण ते हेपेटायटिस सीनेही वाढते. तांबड्या पेशींचा आकार वाढतो, पण त्याला इतरही कारणे आहेत. लघवीत किंवा रक्तात दारूची खूण काही दिवस ते काही आठवडे पकडणाऱ्या खास चाचण्या आहेत. आपल्याकडच्या रोजच्या ओपीडीत त्या क्वचितच होतात. आणि मला विचाराल तर चोर पकडण्याच्या भावनेने त्या करूही नयेत.

वॉर्डातला तिसरा दिवस

आकड्यांची गफलत सावकाश निस्तरता येते. पण लपवलेली दारू एका प्रसंगी थेट जिवावर बेतते, आणि तो प्रसंग ओपीडीत येत नाही, वॉर्डात येतो.

समजा, हाच गृहस्थ पोटात पाणी झाले म्हणून, किंवा अगदी पाय मोडला म्हणून, दवाखान्यात भरती झाला. फाइलवर ‘ऑकेजनल’. पहिल्या रात्रीपासून दारू बंद. रोज पिणाऱ्या मेंदूने दारूच्या गुंगीशी जुळवून घेण्यासाठी स्वतःला सतत जास्त जागे ठेवायची सवय लावून घेतलेली असते. दारू अचानक गेली, पण ती सवय जागच्या जागी. सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. एक-दोन दिवसांत काहींना झटके येतात. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही जण पूर्ण भ्रमात जातात: भिंतीवर किडे दिसतात, सलाइन ओढून काढतात, ताप चढतो, नाडी धावत सुटते. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार झाले नाहीत तर माणूस यात दगावू शकतो.

आता ड्यूटीवरच्या डॉक्टरसमोर काय आहे? यकृताचा रुग्ण, तिसऱ्या दिवशी बरळतो आहे, हात थरथरत आहेत. यकृताच्या आजारात बरळण्याचे दुसरे, अधिक ओळखीचे कारण आहे. आतड्यातून येणारा अमोनिया थकलेल्या यकृताला साफ करता येत नाही, तो मेंदूपर्यंत पोचतो आणि माणूस आधी मंद, मग झोपाळू, मग बेशुद्ध होतो. तिथेही हात हलतात, पण पक्ष्याने पंख झटकावेत तसे, बारीक थरथर नव्हे. त्यावर लॅक्टुलोज देऊन पोट साफ करतात. दारू तुटल्याच्या भ्रमावर मात्र लोराझेपामसारखी शांत करणारी औषधे द्यावी लागतात. आणि इथेच पेच आहे: हीच शांत करणारी औषधे अमोनियाच्या गुंगीतल्या रुग्णाला आणखी खोल बेशुद्धीत ढकलू शकतात. एकाचे औषध ते दुसऱ्याचे विष. कधी दोन्ही अवस्था एकत्रही असतात. अनुभवी डॉक्टर नाडी, ताप आणि थरथरीची जात पाहून अंदाज बांधतो, पण रात्री दोन वाजता ‘रोज किती, शेवटची कधी’ या दोन उत्तरांइतकी मदत त्याला कुठलीच तपासणी करत नाही.

आणखी एक बारीकशी गोष्ट. सतत पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, बरेचदा संपत आलेले असते. अशा माणसाला थायमिन न देता नुसते ग्लुकोज चढवत राहिले, तर उरलेसुरले थायमिनही खर्ची पडते आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. थायमिनचे इंजेक्शन स्वस्त आहे. ते द्यायचे हे सुचायला कागदावर दारूची नोंद लागते.

म्हणूनच रोज पिणाऱ्याने ‘उद्यापासून बंद’ अशी शपथ घेऊन एकट्याने एकदम थांबणेही धोक्याचे. कुटुंबाला ती शपथ फार आवडते. डॉक्टरला सांगून, औषधांच्या आधाराने थांबणे अधिक शहाणपणाचे.

खिशातल्या इतर गोळ्या

दारू आणि विषाणूच्या गोळ्या यांची आपसात थेट मारामारी होत नाही. पण दारूसोबत जी इतर औषधे घरात येतात, त्यांची होते. पिणाऱ्याला अ‍ॅसिडिटी असते. तो मेडिकलवाल्याकडून ‘गॅसची गोळी’ आणून रोज सकाळी घेतो आणि तिला औषध मानत नाही. वेल्पाटासविर पोटातल्या आम्लात विरघळते; ओमेप्राझोलसारख्या गोळीने आम्ल कमी झाले की ते रक्तात कमी पोचते. दारू तुटल्यावर कधी झटके आले असतील तर कुणीतरी फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन सुरू करून दिलेले असते. या गोळ्या यकृतातील आणि आतड्यातील औषधे काढून टाकणारी यंत्रणा इतकी जोरात चालू करतात, की सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर दोन्ही पुरेसे टिकत नाहीत. ही औषधे एकत्र द्यायचीच नसतात. झटक्यांची गोष्ट सांगायची तर दारूची सांगावी लागते, म्हणून दोन्ही लपवल्या जातात. मग फुकटच्या ८४ दिवसांच्या गोळ्या फुकट जाण्याची शक्यता तयार होते. आणि उतरलेल्या डोक्यावर घेतलेले पॅरासिटामॉल? रोज पिणाऱ्याच्या वाढलेल्या सीवायपी-२ई-१ मुळे त्याचा विषारी भाग जास्त बनतो. किती चालेल ते डॉक्टरलाच विचारावे.

लपवाछपवी एकतर्फी नसते. ‘बिना बताए शराब छुड़ाएं’ अशा भिंतींवरच्या जाहिराती वाचून कितीतरी घरांत भाजीत पूड कालवली जाते. अशा पुडीत डायसल्फिरम असू शकते. अ‍ॅसिटाल्डिहाइडला निरुपद्रवी करणारे जे दुसरे विकर आपण वर पाहिले, तेच हे औषध अडवते. मग घोटभर दारूनेही विष साठते, चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. शिवाय डायसल्फिरम स्वतः यकृताला इजा करू शकते. यकृताच्या रुग्णाला ते न सांगता देणे म्हणजे प्रेमापोटी केलेला विषप्रयोगच. बायकोने नवऱ्यासमोर नाही तरी डॉक्टरांना एकांतात हे सांगायलाच हवे.

मग सांगायचे कसे

सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या २०१९ च्या पाहणीत दारू पिणाऱ्यांच्या प्रमाणात छत्तीसगड देशात सर्वांत वर होते: सुमारे ३५ टक्के; देशाची सरासरी साडेचौदाच्या आसपास. त्या राज्याच्या राजधानीत बसलेल्या डॉक्टरला पिणारा रुग्ण नवा नाही. एप्रिल २०१७ पासून इथली दारूची दुकाने सरकारी महामंडळच चालवते. सरकारच्या दुकानातून उजळ माथ्याने घेतलेली बाटली सरकारच्याच दवाखान्यात लपवायची, यात मला थोडी गंमत वाटते.

पण लपवण्याची कारणे खरी आहेत. आरोग्यविम्याच्या पॉलिसींत दारूच्या व्यसनावरचा उपचार वगळलेला असतो, म्हणून लोक कागदावर दारूचे नाव नको म्हणतात. ओपीडीत गर्दी असते. तुमचे उत्तर मागचे दहा जण ऐकतात. आणि सर्वांत मोठे कारण शेजारच्या खुर्चीवर बसलेले असते. हे माझे मत आहे, की घरच्यांसमोर दारूचा प्रश्न विचारणारा डॉक्टर खोटे उत्तर मागूनच घेतो. ‘पीते हो?’ याऐवजी ‘हफ्ते में कितने दिन, और एक बार में कितनी?’ असे विचारले आणि नातेवाइकांना दोन मिनिटे बाहेर थांबवले, तर उत्तरे बदलतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा प्रश्नांच्या ‘ऑडिट’ प्रश्नावलीचे पहिले तीन प्रश्न हेच विचारतात: किती वेळा, एका बैठकीला किती, आणि एकदम भरपूर असे किती वेळा. बायकांना तर हा प्रश्न कुणी विचारतच नाही, जणू सणाला मोहाची घेणाऱ्या गावांत फक्त पुरुषच राहतात.

डॉक्टरने नीट विचारले नाही, तरी रुग्णाला करता येण्यासारखे आहे. घरीच चार ओळी लिहून न्याव्यात: काय पितो, आठवड्यातून किती दिवस, एका वेळी किती, किती वर्षे, शेवटची कधी, आणि कधी थांबल्यावर हात थरथरले किंवा झटका आला का. सोबत घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, गॅसच्या गोळीसकट. चिठ्ठी पुढे सरकवली की बोलावे लागत नाही. दारू सोडायची इच्छा असेल तर यकृत सांभाळून देता येणारी औषधे आहेत. अ‍ॅकॅम्प्रोसेटचे विघटन यकृतात होतच नाही, आणि सिरॉसिसच्या रुग्णांत बॅक्लोफेनची चाचणी झालेली आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आधारासाठी १४४१६ हे सरकारचे निःशुल्क क्रमांक आहेत.

गोळ्या संपल्यानंतर

शेवटची गोळी घेतल्यावर बारा आठवड्यांनी आरएनए पुन्हा तपासतात. विषाणू सापडला नाही तर माणूस बरा. अँटीबॉडीची चाचणी मात्र आयुष्यभर पॉझिटिव्ह येत राहते. पुढे कुठे शस्त्रक्रियेआधी ती झाली तर घाबरू नये, आरएनएचा कागद दाखवावा. या आजाराची लस नाही आणि बरे झाल्याने प्रतिकारशक्ती येत नाही. सुईच्या बाबतीत निष्काळजीपणा पुन्हा झाला तर संसर्ग पुन्हा होतो.

सिरॉसिस आधीच झालेला असेल तर विषाणू गेल्यावरही यकृताच्या कर्करोगाचा धोका उरतो. म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. सिरॉसिस नसेल तर बहुतेकांना यातून मोकळीक मिळते, पण पिणे चालू राहिले तर धागे विणण्याचे काम ताराकृती पेशी विषाणूवाचूनही चालू ठेवतात. अशा माणसाचे एएसटी, एएलटी विषाणू गेल्यानंतरही वर राहतात. फाइलवर ‘ऑकेजनल’ असेल तर ‘गोळ्या लागू पडल्या नाहीत’ अशी घरी कुजबुज होते आणि दवाखान्यात वेगळाच शोध सुरू होतो: लोह साठण्याचा आजार आहे का, शरीर स्वतःच्याच यकृतावर हल्ला करते आहे का, साखर वाढली आहे का. यातल्या काही तपासण्या महागड्या असतात, काहींसाठी नागपूरलाही जावे लागते.

सरकारी दवाखान्यात दर खेपेला समोरचा डॉक्टर बदलतो, आणि नवा डॉक्टर आधी जुना कागद वाचतो. ‘रोज, १८० मिलि, १५ वर्षे’ असे त्यावर एकदा लिहिले गेले, की पुढच्या डॉक्टरला ते पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागत नाही. तीन महिन्यांनी ‘आता आठवड्यातून दोनदा’ असे त्याच्याखाली लिहिता आले, तर त्या दोन ओळींच्या मध्ये एएसटी किती उतरला ते डॉक्टर लगेच ताडून बघतो.